मागच्या खोलीतला पोप

माझ्या मुलाच्या पोटावर डॉक्टरणीने निळ्या पेनाने रेघ मारली होती. तिथे कापायचं होतं. स्ट्रेचर ऑपरेशनच्या दाराकडे निघालं आणि आमचा भाडेकरू दोन्ही हात पसरून त्याच्या आडवा उभा राहिला. अंगात प्रयोगशाळेतला पांढरा कोट, खांद्याला प्रवासाची बॅग तशीच. तो इंग्रजीत बोलत होता. मला इंग्रजी येत नाही, पण एक शब्द कळला. पोप.

मुलगा गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. सून भिंतीला टेकून उभी होती. कंपनीने पाठवलेला माणूस, कागदपत्रांची कामं करणारा, ज्याला इथे मंदूब म्हणतात, तो म्हणाला, यल्ला, याला हटवा. वॉर्डातल्या माणसाने भाडेकरूचा एक दंड धरला. दुसरा मी धरला, आणि मी जास्त जोराने धरला. एवढी वर्षं मी त्याचा पोप ऐकून घेतला होता. जेवताना ऐकला, तापात ऐकला, गणपतीत ऐकला. आज माझ्या पोराचा जीव जात होता आणि आजही याला पोपच सुचत होता.

आम्ही ओमानात, हमरियात राहतो. माझा नवरा इथे प्लंबर होता. तो गेल्यावर मी गावी जाणार होते, पण मुलाला इथेच ट्रेलरवर नोकरी लागली, मग लग्न, मग नात, आणि मी राहिले. घराला एक मागची खोली आहे. तिचं दार जिन्याकडे उघडतं. ती खोली आम्ही त्याला दिली होती, जेवणासकट. माणूस अकोल्याकडचा, बौद्ध, शिकलेला, एकटा. रुवीत पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत होता. बायको होती की नव्हती ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मला तो 'माय' म्हणायचा. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. आता तो ओमानात नाही. वय झालं, व्हिसा संपला, कंपनीने तिकीट हातात दिलं, खलास. खोलीत आता सुनेचं शिलाई मशीन आहे.

त्या खोलीत तेव्हा एक खाट, बुद्धाचं एक चित्र आणि एका गावाचा फोटो होता. फोटोत नदीच्या मधोमध एक घर उभं. मला वाटलं पुरात सापडलेलं आहे. मी म्हटलं, बिचाऱ्यांचं घर बुडालं की. तो म्हणाला, बुडालं नाही माय, मुद्दाम तिथे बांधलं. ती त्यांची गावकचेरी. तिथला मोठा धर्मगुरू म्हणे गावकऱ्यांना कचेरीसाठी हातभर जमीन देईना. मग त्यांनी नदीतच खांब रोवले आणि पुलावर कचेरी बांधली. मी म्हटलं, हट्टी दिसतात. तो म्हणाला, म्हणून तर.

ते गाव जर्मनीतलं, बाम्बेर्ग. तरुणपणी त्याला एका कारखान्याने तिथे कामाचं शिक्षण घ्यायला पाठवलं होतं. पहिल्या थंडीत त्याच्याशी कोणी बोललं नाही. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसवेना म्हणून तो टेकडीवरच्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन बसायचा. तिथेही थंडीच होती, पण माणसं होती. तिथे कोणीतरी त्याला सांगितलं की मागच्या बाजूला दगडी पेटीत एक पोप आहे. साऱ्या जर्मनीत पोपची कबर ती एवढीच. बाकीचे पोप रोममध्ये किंवा तिकडेच कुठेतरी. हाच एक इथे कसा आला, हे विचारायला तो जो लागला, तो शेवटपर्यंत थांबला नाही.

गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की झोपेतही सांगेन. हजार एक वर्षांपूर्वी कबरीतला हा माणूस त्या गावचा बिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू होता. तेव्हा रोममध्ये पोपच्या एका गादीवर तिघे हक्क सांगत होते. जर्मनांचा राजा तिथे गेला, तिघांनाही बाजूला केलं आणि याला बसवलं. याने लगेच त्या राजालाच बादशहाचा मुकुट घातला. मी म्हटलं, म्हणजे याने त्याला दिलं, त्याने याला दिलं. तो म्हणाला, हो माय, तसंच. पण पुढचं ऐका. पोप झाला तरी याने बाम्बेर्गची बिशपकी सोडली नाही. जगाची गादी मिळाली तरी गावची ठेवली. गावाला पत्र लिहिलं, ते बायकोला लिहावं तसं. आणि वर्षाच्या आत तिकडेच, प्रवासात, एका मठात मेला. मग त्याला डोंगर ओलांडून गावी आणलं.

"त्याच्या आधी एक पोप बाम्बेर्गला जिवंत येऊन गेला होता," तो सांगायचा. "एक चालत आला, एक आडवा आला. गावाने आडवा आलेला ठेवून घेतला."

त्या पोपची दोन नावं होती, एक घरचं आणि एक गादीवरचं. दोन्ही माझ्या जिभेला वळत नाहीत. आम्ही नुसतं पोप म्हणायचो, आणि हळूहळू भाडेकरूलाच पोप म्हणायला लागलो. कारण तो ही गोष्ट टॅक्सीवाल्याला सांगायचा, घरमालक अर्बाबला सांगायचा, अल मवालेहच्या भाजी बाजारात कांदेवाल्याला सांगायचा. खालचा मल्याळी दुकानदार दूध पाठवताना ओरडायचा, पोप का दूध. त्याला राग नव्हता. माझी नात लहान होती. तिने एकदा विचारलं, "अंकल, तुम्ही रिअल पोप आहे का?" तो म्हणाला, "नाही ग. रिअलवाला वर्षभर टिकला नाही. मी टिकलो."

एकदा मी त्याला सरळ विचारलं. मी म्हटलं, तुम्ही देव मानत नाही, चर्च मानत नाही, तुम्हाला त्या ख्रिस्ती माणसाचं काय पडलंय? तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"माय, मी शिकायला गाव सोडलं तेव्हा आमच्या वस्तीपलीकडचं एक माणूस मला सोडायला आलं नाही. आणि त्या गावाने मेलेला माणूस डोंगर चढवून घरी आणला. असं गाव कसं असते, ते मला पाहायचं होतं."

मी म्हटलं, तो पोप झाला होता म्हणून आणला. तिथला माळी परमुलखात मेला असता तर कोणी आणला असता?

"नसता आणला," तो म्हणाला, आणि आमटी मागून घेतली.

त्या गावात माळी पुष्कळ, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. एका हिवाळ्यात त्याला खोकला झाला. मी माझ्या पेटीतून ज्येष्ठमधाची काडी काढून दिली. त्याने ती तोंडात घातली नाही, हातात धरून बसला. म्हणाला, बाम्बेर्गचे माळी हे लावायचे. वाळूच्या जमिनीत मुळं लांब जातात, ती खणून काढायची, वेटोळं करून बांधायची आणि विकायची. मी म्हटलं, ही काडी रत्नागिरीच्या बाजारातली आहे, चावा आता. मग चावली.

तिथल्या कांद्याचंही त्याला वेड होतं. लांबट, नासपतीच्या आकाराचा कांदा म्हणे. शुक्रवारी तो अल मवालेहला जायचा आणि कांद्यांच्या ढिगात हात घालून तसा एखादा मिळतो का बघायचा. एकदा मनासारखे मिळाले. ते कोरून आत खिमा भरून शिजवले. घरभर धूर. मसाला नाही, मिरची नाही, नुसतं मीठ. सुनेने तोंडाला पदर लावला. मी एक खाल्ला आणि म्हटलं, तुमचा पोप विषाने नाही मेला, जेवणाने मेला. तो इतका हसला की डोळ्यातून पाणी आलं. धुरानेही आलं असेल.

विषाचं मी मुद्दाम म्हटलं होतं. कारण त्याच्या गोष्टीचं दुसरं टोक तिथे होतं. तो पोप एकाएकी मेला, तेव्हापासून लोक म्हणत होते की त्याला विष घातलं. मी जन्मायच्या थोडं आधी त्याची कबर उघडली. आत कपडे होते, केस होते, हाडं होती. पुढे ती तपासली तर त्यात शिसं सापडलं. आता कोणी म्हणतात शत्रूने घातलं, कोणी म्हणतात औषधातून गेलं, कोणी म्हणतात दारूतून. त्या काळी द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवायचे, त्याने गोडी यायची.

"शिसं गोड असते, माय," तो सांगायचा. "कडू असतं तर कोणी मेलं नसतं."

आणि म्हणून हा माणूस जिथे तिथे शिसं शोधायचा. आमच्या नळाचं पाणी त्याने बाटलीत भरून नेलं. माझं पितळेचं पातेलं होतं, कोकणातून आणलेलं. मत्राच्या बाजारात एक जण कल्हई करून द्यायचा. हा म्हणाला कल्हईत कथलाच्या जागी स्वस्तातलं शिसं घालतात. मी बाहेर गेले असताना त्याने पातेलं आतून खरवडलं आणि भुगा घेऊन गेला. कल्हई चांगली निघाली. पण खरवडलेल्या पातेल्यात मी कोकमाचं सार कसं करणार? कळकलं असतं. मला पुन्हा कल्हई करून आणावी लागली. मी त्याला त्या दिवशी बरंच बोलले. तो ऐकून घेऊन म्हणाला, ही नवी कल्हई पण तपासतो. मी उलथनं उचललं तेव्हा गेला.

देव्हाऱ्यातल्या शेंदराची पुडी त्याने अशीच नेली. त्यात मात्र निघालं. मी म्हटलं, मी देवाला काही दुसरं लावणार नाही. तो म्हणाला, देवाला चालेल, नातीच्या हाताला नको. पुडी मी वरच्या फळीवर ठेवली. वरच्या मजल्यावर एक ओमानी कुटुंब होतं, त्यांच्या तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ असायचं. त्याने जिन्यात त्या बाईला अडवून काजळाबद्दल सांगितलं. संध्याकाळी तिचा नवरा खाली आला, माझ्या बायकोशी कोण बोललं म्हणून. मी त्याला चहा पाजला आणि हाताने खूण केली की आमच्या माणसाचं डोकं जरा फिरलेलं आहे. ते काजळ बंद झालं की नाही, मला माहीत नाही.

असा माणूस. घरात कोणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं. चांगला होता, निरुपद्रवी होता, आणि एकच एक गोष्ट सांगायचा.

त्या वर्षी कंपनीने त्याला सलालाला पाठवलं, तिथल्या विहिरींच्या कामावर. तो गेल्यावर माझ्या मुलाचं दुखणं सुरू झालं. पोटात कळ यायची, पोट साफ व्हायचं नाही, अंगात जोर नाही, चेहरा फिकट. ट्रेलरची पायरी चढताना दम लागायचा. क्लिनिकमध्ये गॅसची औषधं दिली. मग एकदा तो जांभई देताना मी पाहिलं, खालच्या हिरडीवर दातांना लागून काळी निळी रेघ. मी कोकणातली आहे. माझी सासू सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची, तिच्या हिरड्या मी बघितल्या आहेत. मी मुलाला म्हटलं, या वयात मशेरी लावतोस? मुलगी मोठी होतेय. तो म्हणाला, आई, मी लावत नाही. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तरी मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. सुनेने त्याचे खिसे झाडले. काही निघालं नाही. आम्हाला वाटलं गाडीत ठेवत असेल.

गाडीतच ठेवत होता, पण मशेरी नव्हे. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच्या रक्तात साखर निघाली होती, हे त्याने घरात सांगितलं नव्हतं आणि कंपनीत तर नाहीच. जड गाड्यांच्या ड्रायव्हरांची तपासणी व्हायची, आणि साखरेवाल्या एकाला नुकतंच गावी परत पाठवलं होतं. क्लिनिकमध्ये साखरेची गोळी घेतली तर नोंद होणार. म्हणून सुट्टीवर गेला असताना त्याने सासऱ्यांना विचारलं. माझे व्याही राजापूरकडचे. त्यांनाही साखर. त्यांनी आपल्या नेहमीच्या वैद्याकडून राखाडी गोळ्यांची एक बाटली आणून दिली. स्वतः त्याच घेत होते. मुलगा ती बाटली ट्रेलरच्या केबिनमध्ये ठेवायचा आणि गाडीत बसल्यावर गोळी तोंडात टाकायचा. साखर उतरली म्हणून खूष होता.

त्या दिवशी गाडी गोदामात लावतानाच तो कळ येऊन खाली बसला. कंपनीने हॉस्पिटलमध्ये नेलं. पोट तपासलं, फोटो काढले. आतडं अडकलं असेल, नाहीतर अपेंडिक्स असेल, उघडून बघावं लागेल, म्हणाले. सही सुनेने केली. तिला इंग्रजी कळतं, पण बोलायची भीती वाटते म्हणून तिने पोपला फोन लावला. तो त्याच दिवशी सलालाहून परतला होता आणि बसमधून थेट प्रयोगशाळेत गेला होता. तिथून तसाच आला.

त्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा तोंड उघडं टाकून कण्हत होता. पोप वाकला, अंगठ्याने त्याचा खालचा ओठ ओढला आणि मोबाईलचा उजेड पाडला.

"माय, हे कधीपासून?"

मी म्हटलं, मशेरी लावतो, सांगत नाही. तेवढ्यात स्ट्रेचर हललं आणि तो त्याच्या आडवा गेला.

आम्ही त्याला ओढत असताना दारातून डॉक्टरीण बाहेर आली. ओमानी, तरुण, डोक्याला हिरवी टोपी. काय चाललंय म्हणून तिने विचारलं. पुढचं बोलणं मला सुनेने नंतर सांगितलं. तो म्हणाला, कापू नका, आधी रक्त मायक्रोस्कोपखाली बघा, हे शिसं आहे. आणि मग तो पोपचं सांगायला लागला. डॉक्टरीण म्हणाली, आत काही फुटलं तर हा मरेल, तुम्ही जबाबदारी घेता का? तो म्हणाला, नाही घेऊ शकत. पण एकदा त्याचं पोट जोरात दाबून बघा. फुटायला आलेलं पोट दाबलं तर माणूस ओरडेल. शिशाची कळ असेल तर त्याला बरं वाटेल.

तिने दोन्ही हात ठेवून दाबलं. मुलाचं कण्हणं कमी झालं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

ती थांबली. तिने विचारलं, शिसं आलं कुठून?

आमच्या घरातलं पातेलं आणि पाणी त्यानेच तपासलेलं होतं, शेंदूर वरच्या फळीवर होता. त्याच्या पोपच्या पोटात दारूतून गेलं असेल. माझा मुलगा दारू पीत नाही. डॉक्टरीण घड्याळाकडे बघत होती. पोप स्ट्रेचरवर वाकला, मुलाच्या कानाशी गेला आणि मराठीत विचारलं, "कोणाला न सांगता काय खातो रे तू?"

मुलाने डोळे उघडले. त्याने पोपकडे नाही बघितलं, माझ्याकडे नाही, बायकोकडे नाही. त्याने मंदूबकडे बघितलं. कंपनीचा माणूस तिथे हात बांधून उभा होता. ती नजर मी ओळखली. मी त्याचा बाप रागात असताना ती पुष्कळदा पाहिली आहे. मी पोपचा दंड सोडला आणि मंदूब आणि स्ट्रेचर यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"नोकरी गेली तर गेली," मी मुलाला म्हटलं. "बोल."

"गोळ्या," तो म्हणाला. "शुगरच्या. बाबांनी दिलेल्या." बाबा म्हणजे त्याचे सासरे.

मंदूबला मराठी येत नव्हतं, पण शुगर कळलं. त्याने खिशातून फोन काढला आणि फोनमध्ये बघत राहिला. पोपने डॉक्टरणीला सांगितलं. तिने रक्त काढून घेतलं आणि स्वतः घेऊन गेली. आम्ही दाराबाहेर उभे होतो. मी पोपला विचारलं, तुमचं चुकलं तर? तो म्हणाला, चुकलं तर माय, हा मेला माझ्यामुळे. मी म्हटलं, मग बरोबर असा. त्याशिवाय दुसरं काय म्हणणार.

ती परत आली आणि म्हणाली, रक्ताच्या पेशींत ठिपके आहेत, शिशाने पडतात तसे. कापायचं थांबवलं. नर्सने स्पिरिटचा बोळा घेऊन ती निळी रेघ पुसली. पुढे शिसं बाहेर काढायचं औषध शिरेतून चालू झालं. बरेच दिवस तो तिथे होता.

केबिनमधली बाटली आणून पोपने आपल्या प्रयोगशाळेत तपासली. बाहेरचं काही तिथे तपासायची परवानगी नव्हती, तरी तपासलं. संध्याकाळी आला आणि मला आकडा सांगितला. आकडा मला कळला नाही, त्याचा चेहरा कळला. पुढे खरी तपासणी हॉस्पिटलनेही केली, तेच निघालं.

त्याच संध्याकाळी त्याने माझ्या व्याह्यांना फोन लावला. त्याने त्यांना पहिल्यापासून सगळा पोप सांगितला. ते सभ्य माणूस, एसटीत मेकॅनिक होते, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहो, तो तुमचा पोप दारू पिणारा, आमच्यात दारू नाही. आणि आमचे वैद्य तीन पिढ्यांचे आहेत, भस्म सात वेळा शुद्ध करतात. जावयाला परदेशातलं पाणी बाधलं असेल. सून फोनवर रडली. तिलाही तेच सांगितलं. मग मी फोन घेतला. मी म्हटलं, व्याही, त्या गोळ्या गटारात टाका.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुम्ही त्या वाळवंटात राहून घाबरट झालात."

मी पुढे दर आठवड्याला फोन करायचे. कधी म्हणायचे टाकल्या, कधी म्हणायचे कमी केल्या. सुनेच्या भावाकडून कळायचं की रोज घेतात. पावसाळ्यानंतर त्यांचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला, कप धरता येईना. वैद्याने गोळी वाढवली. दिवाळीच्या आधी गेले. घरचे म्हणाले किडनी गेली. डॉक्टरकडे शेवटी शेवटी नेलं होतं, पण गोळ्यांचं तिथेही कोणी सांगितलं नाही. वैद्य गावातला, रोज समोर दिसणारा, त्याचं नाव कसं घ्यायचं.

सून विमानाने पोचली तोवर अग्नी दिला होता. अस्थी मात्र नदीत सोडायच्या होत्या. आणि तेव्हा पोपने तिला फोन केला. मी इथे त्याच्या शेजारी बसले होते. तो म्हणाला, ताई, अस्थी सोडायच्या आधी हाडाचा एक लहान तुकडा कागदात गुंडाळून आणा. हाडात शिसं उरतं. त्या पोपचं इतक्या वर्षांनी कळलं, ते त्याला जपून ठेवलं म्हणून. आपण जाळतो आणि पाण्यात सोडतो, मग कोणाला काहीच विचारता येत नाही. त्या गावात अजून कितीजण ती गोळी खात असतील.

मग ती बोलली. तिचा आवाज मला फोनबाहेर ऐकू आला.

"माझे बाबा तुमच्या पोपसारखे दगडात ठेवायचे नव्हते, भाऊ."

"माहीत आहे, ताई," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. परत आल्यावर बरेच दिवस तिने त्याला ताट वाढलं नाही. मी वाढायचे. तो जेवून उठायचा. पोपचं नावही काढत नव्हता. मला ते बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. एक दिवस मी सुनेला म्हटलं की तो चुकीचं बोलला नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे, पण माझे भाऊ होते तिथे, वडिलांची हाडं कागदात बांधून कशी आणू? मी असते तर आणली असती, असं मला वाटतं. पण ते माझे वडील नव्हते.

तो वैद्य अजून आहे. गोळ्या अजून देतो. त्याला तपासणीचा कागद दाखवला तर म्हणतो, परदेशी लोक आपल्या औषधांना असंच बदनाम करतात.

मुलाला कंपनीने ट्रेलरवरून काढलं, पण गावी पाठवलं नाही, गोदामात बसवलं. पगार कमी झाला. हाताची बोटं थंडीत अजून आखडतात. साखरेची गोळी तो आता जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर घेतो.

त्या वैद्याच्या गोळ्या आमच्या दोन घरांत दोघांनी खाल्ल्या. व्याही गेले. माझा मुलगा जगला.